शून्य धरून पुढे

यमुताईंचे डोळे काचबिंदूनं गेले, तेव्हा त्यांच्या लेकानं, विहंगनं, त्यांच्यासाठी पेपर वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला. आणि आवाज कुणाचा, तर स्वतःचाच! मनीषनगरच्या फ्लॅटची दारं-खिडक्या लावून पठ्ठ्यानं जोडाक्षरं आणि मग अख्खी बाराखडी रेकॉर्ड केली, पार ज्ञःपर्यंत. मागच्या हिवाळ्यात कोराडी रोडवर ट्रकनं त्याला उडवलं. तेव्हापासून यमुताई रोज सकाळी तो प्रोग्राम लावत. बातम्यांशी त्यांना काय घेणं! संत्र्याचे भावसुद्धा लेकाच्या तोंडून ऐकायचे, म्हणून ऐकत.

मग कॉम्प्युटर आचके देऊ लागला. विहंगचा मित्र अनिश नवा घेऊन आला, सगळं त्यावर हलवलं आणि जुना, डिस्क पुसून, भंगारात देऊनही टाकला. घाई, दुसरं काय!

नव्या मशीनवर प्रोग्राम नव्यानं बांधायचा होता. त्यासाठी विहंगचीच स्क्रिप्ट होती. ती आधी सिस्टिमच्या हेडर फाईली, म्हणजे मशीनचे नियम लिहिलेल्या फाईली, वाचायची आणि तिथले ठरीव आकडे उचलायची. या मशीनवर फाईलचं नाव जास्तीत जास्त किती अक्षरांचं चालतं, हाही त्यातलाच एक आकडा. प्रत्येक अक्षराच्या आवाजाची वेगळी फाईल होती; तेवढ्यात बसतील अशी त्या फाईलींची नावं ती छाटायची.

"काय करून राहिला गा, बाबू?" यमुताईंनी विचारलं.

"मशीनले विचारून राहिलो, काकू. तुझे नियम काय, म्हणून."

"विचार बापा. आमचा विहंगही सारं विचारूनच करे."

स्क्रीनवर एक पिवळी ओळ उमटली: आकडा सापडला नाही, शून्य धरून पुढे जातो. नव्या सिस्टिममध्ये तो आकडा दुसऱ्याच हेडर फाईलीत गेला होता. अनिशनं ओळ पाहिली. ऑफिसात अशा छप्पन येतात, कोण वाचत बसतो! त्यानं एंटर दाबलं. अरे गाढवा, एवढी एक तरी वाचायची होतीस ना रे!

नाव शून्य अक्षरांचं, म्हणजे सगळ्या फाईलींचं नाव एकच. का वर कि बसला, कि वर की. प्रत्येक आवाज आधीच्याला पुसत गेला. अनिशनं फोल्डर उघडलं, तर आत एकच फाईल. त्यानं मशीनचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, भंगारवाल्याला फोन लावला. काही उपयोग झाला नाही.

"झालं का गा?"

"काकू..." आणि तो हमसून हमसून रडायलाच लागला. "माझ्या हातून विहंग पुसला गेला, काकू. शेवटचं एक अक्षर उरलं फक्त."

यमुताईंचा बांध फुटला. "काहून नाही पाहिलं गा? माह्याजवळ दुसरं काय होतं?"

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लाव."

"ज्ञः," विहंग म्हणाला.

"पुन्हा लाव."

"ज्ञः."

त्या चाचपडत पुढे सरकल्या आणि त्यांनी स्पीकरला कान लावला. आणखी एकदा ऐकलं.

"शेवटी श्वास सोडते तो, ऐकलं?" त्या म्हणाल्या. "त्याचा श्वास आहे गा हा. तू आता याले हात नको लावू."