लाथेतला खर्ज

वहिनींच्या दुकानावर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी पाटी आहे. दुरुस्तीला मात्र थोडेच येतात. बहुतेकांना लहानपणीचे खेळ खेळायला त्याच काळातला कॉम्प्युटर हवा असतो. वहिनी तो जोडून देतात. एका ठिकाणचा मदरबोर्ड, दुसरीकडचा प्रोसेसर, कुठूनतरी साउंड कार्ड, असं जमवायचं आणि त्यांचं एकमेकांशी पटवून द्यायचं. "स्थळं जुळवण्यासारखंच आहे," त्या म्हणतात, "फक्त इथे दोन्हीकडची मंडळी गप्प असतात."

एके सकाळी त्यांचा धाकटा दीर दुकानात आला. तो इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे. कॉलेजात असताना त्याची नजर हळूहळू जात गेली आणि शिक्षण संपेपर्यंत पुरती गेली. त्याने काठी काउंटरच्या कडेला अडकवली, खुर्ची चाचपून बसला आणि म्हणाला, "वहिनी, मला दादाला हरवायचंय."

"कशात?"

"त्या मारामारीच्या खेळात. आम्ही शाळेत असताना खेळायचो तो."

दादा म्हणजे वहिनींचे यजमान. घरात कॉम्प्युटर आला तेव्हा दोघा भावांनी त्या एका खेळापायी कळफलकाची अक्षरं पुसून टाकली होती.

"तुम्ही खेळणार कसे, भाऊजी?" वहिनींनी सरळ विचारलं. त्यांच्यात आडपडदा नव्हता.

"कानाने. समोरचा पुढे आला की पाय घासल्याचा आवाज येतो, उडी मारली की वेगळा, बुक्कीचा वेगळा, लाथेचा वेगळा. मित्राच्या लॅपटॉपवर खेळून बघितलं. पण तिथे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम आहे. त्यात आवाज किंचित उशिरा येतो. तो ऐकू येईतो लाथ बसलेली असते. शिवाय लाथ आणि बुक्की दोन्ही सारख्याच वाजतात. आपल्या कॉम्प्युटरवर लाथेला खर्ज होता."

"आणि हे आत्ताच का काढलंत?"

"शेवटचे खेळलो तेव्हा मला अर्धंमुर्धं दिसत होतं. त्या दिवशी दादा हरला. मग पुन्हा हरला. हरतच राहिला. तो असा हरणाऱ्यातला नाही, तुम्हाला माहीत आहे. मी काही बोललो नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. त्यानंतर मी खेळायचंच सोडलं."

वहिनींनी हळहळ व्यक्त केली नाही. मागचं कपाट उघडलं, एक मदरबोर्ड काढला आणि त्यावरची धूळ फुंकत म्हणाल्या, "होईल. मी करून देते. तो कॉम्प्युटर कसा वाजायचा, आठवेल तेवढं सांगा."

पहिली जोडणी त्यांनी त्याच आठवड्यात केली. धाकटा खेळायला बसला आणि दोन लाथा मारून थांबला.

"वेग जास्त आहे. लाथ मारल्यावर पाय जमिनीवर यायला वेळ लागायचा. हा भलताच लवकर येतोय."

तसले खेळ प्रोसेसरच्या चालीने चालतात. प्रोसेसर जितका चपळ, तितकी खेळातली माणसं धावत सुटतात. वहिनींनी मदरबोर्डवरचा जंपर, म्हणजे दोन पिनांना जोडणारी नखाएवढी टोपी, एक घर पुढे सरकवला. प्रोसेसर मंदावला.

"आता?"

"आता पाय बरोबर पडतोय. पण लाथ कोरडी आहे. खर्ज नाही."

वहिनींनी दुसरं साउंड कार्ड लावलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी त्याने मान हलवली.

हे कळल्यावर दादा जेवताना हसले. "इतक्या वर्षांपूर्वीचा आवाज कुणाच्या लक्षात राहतो का? छोट्या पहिल्यापासून हट्टी. एक कुठलंतरी कार्ड लाव आणि हेच ते म्हणून सांग. खूश होईल."

"त्यांना कळेल."

"कसं कळेल?"

"मागच्या वेळी तुम्ही मुद्दाम हरलात ते कळलं तसं."

दादांचा घास हातातच राहिला. "त्याला माहीत होतं?"

"पहिल्या डावापासून."

त्यांनी घास ताटात ठेवला. "मला वाटलं, तेवढाच आनंद," ते म्हणाले.

"आनंद त्यांचा त्यांना मिळवू द्या. अहो, या वेळी मन लावून खेळा. नाहीतर बसूच नका."

हट्टाचा प्रश्न नाही, प्रश्न कार्डाचा आहे, याबद्दल वहिनींच्या मनात तिळभर शंका नव्हती. त्यांनी हाताशी असलेली सगळी कार्डं भिंगाखाली धरली आणि गोम सापडली. कार्डाचं नाव एकच, पण सुरुवातीच्या कार्डांवर संगीतासाठी वेगळी चिप होती. नंतरच्या कार्डांवर तिची नक्कल करणारी चिप आली. गाणं दोन्हींवर वाजतं, खर्ज मात्र पहिलीतच.

त्या तडक भंगारवाल्याकडे गेल्या. तो काहीच फेकत नाही म्हणून सगळे त्याला खजिनदार म्हणतात. एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा माल त्याच्या गोदामात छतापर्यंत रचलेला होता. वहिनींनी पदर खोचला आणि कार्डं एकेक करून उजेडात धरायला सुरुवात केली. दुपार कलली तेव्हा त्यांना हवं ते मिळालं. चिप मूळची होती, पण तिच्या शेजारचे दोन कपॅसिटर फुगून फुटले होते.

"हे मेलंय," खजिनदार म्हणाला.

"झोपलंय," वहिनी म्हणाल्या आणि कार्ड पिशवीत टाकलं.

दुकानात येऊन त्यांनी फुटके कपॅसिटर उतरवले, नवे डाखले, कार्डाची काळवंडलेली कड खोडरबराने लख्ख केली. कॉम्प्युटर चालू झाला, पण कार्डातून चकार शब्द नाही. वहिनी मुळीच गडबडल्या नाहीत. शेजारच्या मोडेमने, म्हणजे इंटरनेटसाठीच्या कार्डाने, त्याची जागा अडवली असणार. दोन पाहुण्यांना एकच खुर्ची दिल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी मोडेम उपटून बाजूला ठेवला.

धाकटा आला, बसला, कळ दाबली. लाथ वाजली, दुंयकन, पोटात गेल्यासारखी.

त्याने पुन्हा लाथ मारली. मग बुक्की. मग पुन्हा लाथ. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "वहिनी," तो म्हणाला, "दादाला बोलवा."

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून दोघे भाऊ एका कळफलकावर बसले. दादांकडे डावीकडच्या कळा, धाकट्याकडे उजवीकडच्या, पूर्वीसारख्याच. पहिला डाव दादा हरले. दुसराही हरले. तिसऱ्या डावाला त्यांनी बाह्या सरसावल्या, चौथ्याला हळूच हात नेऊन स्पीकरचा आवाज कमी केला.

"असं काय?" धाकटा उठला. त्याने खुर्चीच्या पाठीवरचा पंचा चाचपला आणि मॉनिटरवर टाकला. "आता आपण बरोबरीचे."

वहिनी हसून हसून बेजार झाल्या. दादांनी मुकाट्याने आवाज वाढवला आणि पंचा काढला.

पुढच्या डावात कसे कोण जाणे, दादा जिंकले. धाकट्याने उडी मारली आणि ते खाली दबा धरून बसले होते. दादा खुर्चीतून उठलेच. मग एकदम ओशाळून त्यांनी भावाकडे बघितलं.

"छोट्या, मघाचे डाव मी खरंच..." त्यांनी बाह्या खाली ओढल्या. "मी सोडले नाहीत हां."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "तू कळा कशा बडवत होतास ते ऐकत होतो ना मी. सोडून देणारा माणूस इतकं बडवत नाही." आणि त्याने भावाच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. "लाव पुढचा."

अंधार पडेपर्यंत ते खेळले. धाकट्याचे डाव बरेच जास्त झाले, पण दादांनीही मधूनमधून मारले आणि प्रत्येक वेळी धाकटा खरोखर चिडला. दादांना त्याचं चिडणं फार आवडलं.

पुढच्या आठवड्यात धाकटा इस्पितळातल्या एका सहकारी बाईंना घेऊन दुकानात आला. त्यांच्याही हातात पांढरी काठी होती. त्यांचा खेळ गाड्यांच्या शर्यतीचा.

"टायर घासल्याचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, ते नीट कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "जमेल का?"

"जमेल," वहिनी म्हणाल्या आणि खजिनदाराला फोन लावला.