बेकरीचा पाव

चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळ्यांना वाटतात तो प्रभुभोजनाचा पाव मार्थाबाई साळव्यांच्या घरून यायचा, हा तीस वर्षांचा रिवाज होता. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी बाई स्वतः पीठ मळत, पाव भाजत आणि त्याचे एकसारखे तुकडे करत. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ! मुलगा हिंजवडीत आयटी कंपनीत लागला, घरात स्वयंपाकाला माणूस आलं, तरी ते पीठ बाईच मळत.

मग अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि चर्चला जाणंही थांबलं. म्हणून एका रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. ताटलीतला पांढराफेक तुकडा बाईंनी निरखून पाहिला.

"बेकरीचा?"

"हो."

"मग राहू द्या. मी काहीच केलं नाही, आता कुठल्या तोंडाने घेऊ?"

पाळकसाहेब मूळचे सदाशिव पेठेतले. "म्हणजे तीस वर्षं आपण प्रभूच्या पंगतीला नाही, मजुरीला येत होता म्हणायचं!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं खरमरीत उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण नजर ताटलीकडे गेली. तुकडा कडेला वेडावाकडा कापलेला होता.  डोळे भरून आले, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला. जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईंचा तो हातही सवयीने पालथाच आला. पाळकसाहेबांनी तो हलकेच धरून उताणा केला.