पंडुमानंतरची मुळी

तीन वेळा मुळ्या आणल्या, तीन वेळा अर्क काढला, आणि तिन्ही वेळा काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी खुशाल वाढत राहिल्या. मोनाली हलामी रडकुंडीला आली. चीनमध्ये सूज उतरवायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या एका वेलीतून तिथल्या संशोधकांनी गाठींवर चालणारं द्रव्य वेगळं केलं होतं. त्या वेलीची सख्खी बहीण कुरखेड्याच्या जंगलात होती आणि मोनालीचे बाबा, लालसू, सुजेवर तीच उगाळून लावत. एवढ्या भरवशावर तिने पीएचडीचा विषय घेतला होता.

"आता शेवटचा नमुना," तिच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांत आण. नाही जमलं तर विषय बदल." म्हणजे चार वर्षं पाण्यात.

ती गावी आली. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मुळी कवा खंदली होती?"

"दिवाळीच्या सुट्टीत. तिन्ही वर्षं."

"पंडुमाच्या आंधी?"

मोनालीने मान खाली घातली. रानातलं नवं काहीही देवाला दाखवून पंडुमाचा सण केल्याशिवाय तोडायचं नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिलाही होतंच. पण शहरात चार बुकं शिकल्यावर तिने ते अंधश्रद्धेच्या गाठोड्यात बांधून टाकलं होतं.

"आता तं वेलीवर शेंगा हायेत," बाबा म्हणाले. "दीड महिना थांबा लागन."

थांबायचं म्हणजे मॅडमची मर्जी घालवायची. तिने छातीवर दगड ठेवून फोन केला, खरं कारण सांगितलं. मॅडमनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "थांब. पण जबाबदारी तुझी."

पंडुम झाला. शेंगा फुटून बी पडलेलं होतं. बाबांनी तीन वेलींपैकी एकीचीच मुळी काढू दिली.

या खेपेला बशीतल्या पेशी वाढायच्या थांबल्या. मोनालीने तपासणी चारदा केली, चारही वेळा तेच.

विद्यापीठातल्या चर्चासत्रात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी नेमकं बोट ठेवलं. "नमुन्याची वेळ कशावरून ठरवली?"

मोनाली अजिबात चाचरली नाही. "माझ्या बाबांनी ठरवली. ते मागे बसलेत, त्यांनाच विचारा."

लालसू उठले. माइक त्यांनी घेतलाच नाही. "बी पडेपर्यंत वेल आपला जोर शेंगेत ठेवते. बी पडलं का जोर मुळीत उतरते. म्हून पंडुम तवाच रायते. आंधी खंदलं तं मुळी बी पोकळ अन् रानात पुढची वेल बी नाई." त्यांनी मोनालीकडे बोट केलं. "पण हे दवाई झाली नाई अजून. पोरगी म्हणते लय वर्षं लागतीन. घाई करू नका."

समोर ते ज्येष्ठ प्राध्यापक खिशातलं पेन काढत म्हणाले, "लालसूभाऊ, जरा सावकाश सांगा. लिहून घेतो."

आणि सगळं सभागृह लिहू लागलं.