कनातीमागची शांताक्का

मी एक जुनी कनात आहे. मित्रांनो, कनात म्हणजे काय हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, मला शंकाच आहे. मांडवाला वरून छत असते आणि बाजूंनी कापडाची भिंत असते. ती भिंत म्हणजे मी. छताकडे सगळे मान वर करून बघतात, झालर किती सुरेख आहे म्हणतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. माझ्यामागचे काही दिसू नये, एवढ्यासाठीच मला उभी करतात.

आज माझा चार हातांचा तुकडा उरला आहे. म्हैसूरमधल्या एका घरात तो खिडकीला लटकतो. एके काळी मी साठ हात लांब होते आणि टीव्हीवर आले होते. चांगला पाऊण तास मी तिथे होते आणि एकाही माणसाला दिसले नाही. त्याचीच ही हकिगत आहे. ऐकून माझे कौतुक मात्र करू नका.

मला १९७८ साली नरहरी शिंप्याने शिवले. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले, घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी बोलणारे हे विठ्ठलभक्तांचे घराणे. जाड मांजरपाटाचे पट्टे जोडून त्याने मला विठ्ठल मंदिराच्या सप्ताहासाठी तयार केले. नरहरीच्या हाताला तोड नव्हती. दोन पट्टे कुठे जोडले आहेत हे बोट फिरवूनही कळत नसे. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो रास्तही होता.

सप्ताहात मला स्वयंपाकाच्या जागेपुढे उभी करत. माझ्या एका बाजूला पंगत बसे. दुसऱ्या बाजूला धूर, खरकट्याचे ढीग आणि घामाने निथळणाऱ्या बायका. त्या बायकांत नरहरीची थोरली बहीण शांताक्का असायची. पंगतीतले लोक भाताची तारीफ करत आणि हात धुऊन घरी जात. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. कनातीचा धर्मच तो, असे मी समजत होते.

शांताक्का विधवा होती. म्हैसूरबाहेर हूटगळ्ळी गावाच्या पुढे, येलवालच्या अंगाला एक तळे होते. त्याचे नाव हक्किकट्टे, म्हणजे पाखरांचे तळे. त्याच्या बांधावर तिचे दोन खोल्यांचे घर. तळ्याच्या मधोमध पाण्यात बाभळी उभ्या होत्या आणि दर वर्षी माघात त्यांच्यावर चित्रबलाक उतरत. पांढरीशुभ्र, उंच पाखरे, पिवळी चोच आणि शेपटाकडे गुलाबी पिसे. ती तिथेच घरटी बांधत, पिल्ले वाढवत आणि पावसाच्या तोंडावर निघून जात.

ती जंगल सोडून गावाशेजारी का येत, ते नीट ऐका. ती माणसांसाठीच येत. बांधावर माणसे असली की माकडे फिरकत नसत, घारी खाली उतरायला कचरत. गावकरीही पाखरांना जपत. लग्नाची वरात बांधाजवळ आली की वाजंत्री वाद्ये खाली करत. नवरा-नवरीसकट सगळी वरात गुपचूप बांध ओलांडी आणि पलीकडच्या चिंचेपाशी पोचल्यावर पुन्हा वाजायला लागे. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडलाही नाही.

आणि शांताक्का काय करायची? घरट्यातून खाली पडलेली पिल्ले उचलून आणायची. गळ्यात तुळशीची माळ घालणारी ही बाई, जिच्या घरात एकादशीला कांद्यालासुद्धा कोणी शिवत नसे, ती मासळी बाजारात जाऊन पिल्लांसाठी बारीक मासे घ्यायची. पदर नाकाला लावून घ्यायची, पण घ्यायची. नात्यातल्या बायकांनी तिला नावे ठेवली. ती म्हणायची, "मी खात नाही की. त्यांना खायला पाहिजे, अल्वा, नाही का? विठोबाला कळतंय ते." घरी आल्यावर अंगणात अंघोळ करून मगच ती देव्हाऱ्याकडे जायची.

१९९४ च्या माघात रणोजीराव आले. जुन्या म्हैसूर संस्थानच्या सैन्यातल्या मराठ्यांचे हे वंशज, राहायला म्हैसूरच्या गोकुलम भागात. टीव्हीसाठी दूरदूरच्या जंगलांच्या, डोंगरांच्या, पशुपक्ष्यांच्या फिल्म ते करत. त्यांना चित्रबलाकांवर फिल्म करायची होती. जंगलात महिने घालवून हाती काही लागले नव्हते आणि इथे घरापासून अर्ध्या तासावर शंभर घरटी होती. अडचण एकच. कॅमेरा कुठेही लावला तरी मागे शांताक्काचे घर, कपडे धुवायचे दगड, वाळत घातलेली लुगडी आणि पंपाची खोली दिसे.

ते नरहरीच्या दुकानात गेले. "नरहरी, मागचं एक घर दिसायला नको बघ. एक दोरी दिसायला नको. माणसाचा पत्ताच नाही असं वाटायला पाहिजे."

"दिसणार नाही, राव," नरहरी म्हणाला. "दिसलं तर मशीन उचलून घरी ठेवतो. पुन्हा शिवायला बसत नाही."

तेव्हा मी देवळातून परत येऊन त्याच्या माळ्यावर पडून होते. नरहरीने मला खाली काढले, उसवले आणि नव्याने शिवायला घेतले. काताच्या पाण्यात बुडवले, हिरव्या रंगात बुडवले. काही पट्टे चहाच्या चोथ्याने डागाळले. माझी वरची कड त्याने वेडीवाकडी कापली, म्हणजे लांबून झुडपांची रांग वाटावी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तो तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसे आणि उन्हाप्रमाणे रंग कसा बदलतो ते पाही. पसंत पडले नाही की मला पुन्हा उसवे. लग्नाच्या कपड्यांवरही त्याने एवढी मेहनत घेतली नव्हती.

मला बांधावर उभी केली तेव्हा पलीकडून बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. गाव नाहीसे झाले होते. रणोजीरावांनी नरहरीची पाठ थोपटली. मीही फुगले, खोटे कशाला सांगू.

शांताक्काला मात्र ते रुचले नाही. ती माझ्यामागून बाहेर आली आणि म्हणाली, "मला का झाकता, राव? आम्ही आहोत म्हणून पाखरं इथे येतात."

"अक्का, माणूस दिसला की जंगल म्हणून कोण बघणार? चाळीस दिवस सुम्ने, गुपचूप आत बसा," रावांनी हसून सांगितले.

चाळीस दिवस ती माझ्यामागे राहिली. पाखरांना ती वरून दिसत होती, कॅमेऱ्याला दिसत नव्हती. एक दिवस एक पिल्लू घरट्यातून चिखलात पडले. कॅमेरा त्याच्यावर रोखलेला होता. पिल्लू पंख आपटत होते, मान टाकत होते. शांताक्काने माझी कड उचलून ते पाहिले आणि बाहेर पडू लागली. "थांबा, अक्का, एवढं घेऊ दे," राव ओरडले. ती थोडा वेळ थांबली. मग लुगड्याचा ओचा खोचून ती चिखलात उतरली आणि पिल्लू पोटाशी धरून घेऊन आली. त्याचे नाव तिने पांडू ठेवले. महिनाभर मासे खाऊन पांडू धडधाकट झाला, अंगणभर तिच्यामागे फिरू लागला आणि जूनमध्ये थव्याबरोबर उडून गेला.

पुढच्या वर्षी फिल्म टीव्हीवर लागली. नरहरीच्या घरी सगळी गल्ली जमली होती. मी घडी होऊन ट्रंकेवर होते आणि माझ्यावर तीन बायका बसल्या होत्या. फिल्म इंग्रजीत होती. नरहरीची मुलगी सुमित्रा कॉलेजात शिकत होती, ती अर्थ सांगत होती.

"इथे माणसाचं पाऊल कधी पडलेलं नाही, असं म्हणतायत," सुमित्रा म्हणाली.

लोक हसले. सगळ्यांना ती गंमत वाटली. नरहरी टीव्हीपाशी सरकून मला शोधत होता आणि सापडत नाही म्हणून खूश होत होता. मग पांडू आला. चिखलात पडलेला, पंख आपटणारा. त्याने मान टाकली आणि चित्र तिथेच संपले. दु:खी वाद्य वाजले. सुमित्रा आत्याकडे वळली. "तो मेला म्हणतायत, आत्या. निसर्ग दुबळ्याला क्षमा करत नाही म्हणतायत."

शांताक्का उठून उभी राहिली. "खोटं आहे," ती म्हणाली. "पांडू माझ्या घरात होता." तिने चपला घातल्या आणि बस पकडून ती हक्किकट्ट्याला निघून गेली. त्या फिल्मला पुढे मोठे बक्षीस मिळाले. रावांनी नरहरीला पेढे पाठवले आणि फिल्मची कॅसेट भेट दिली.

मित्रांनो, इथवर ही फक्त थापेबाजी होती. माझा खरा गुन्हा पुढे आहे.

दहा वर्षांनी हूटगळ्ळी वाढत वाढत तळ्यापर्यंत आली. तळे बुजवून तिथे घरांचे प्लॉट पाडायचे ठरले. पाखरे इथे घरटी करतात म्हणून तळे बुजवू नका, असा अर्ज शांताक्काने सरकारी कचेरीत केला. ती तेव्हा पासष्टीची होती आणि तिला घर राहो न राहो, तळे राहायला हवे होते. सुनावणी ऑगस्टात ठेवली. ऑगस्टात पाखरे नसतात. आणि सुनावणीच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, बाभळी कोणीतरी तोडून नेल्या. घरटी गेली, झाडे गेली. इथे चित्रबलाक पिल्ले वाढवतात याचा एकच पुरावा आता जगात होता, तो म्हणजे ती फिल्म.

बहीण-भाऊ गोकुलमला रणोजीरावांकडे गेले. फिल्म इथलीच आहे एवढी एक ओळ लिहून द्या, बस्स. रावांनी भिंतीवरच्या बक्षिसाकडे पाहिले. "अक्का, ते लिहून दिलं तर फिल्म खोटी ठरते. सगळं नाव जातं माझं."

"आणि नाही दिलं तर तळं जातं," शांताक्का म्हणाली.

"वरच्या लोकांशी बोलतो मी. काळजी करू नका," राव म्हणाले. सुनावणीच्या दिवशी त्यांच्या घरी तीन वेळा फोन लावला. तो कोणी उचलला नाही.

मग नरहरीने मला स्कूटरवर बांधले आणि कॅसेटसह कचेरीत नेले. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने टीव्ही आणवला, फिल्म लावली आणि ती शेवटपर्यंत पाहिली. पाहून झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, हे हूटगळ्ळी कसं म्हणू? बांध नाही, घर नाही, एक माणूस नाही. माणसाचं पाऊल पडलं नाही असं फिल्ममधला माणूसच सांगतोय."

नरहरीने मला व्हरांड्यात उलगडले. "ही कनात, सार. मी शिवली. घरं हिच्यामागे आहेत. फिल्ममध्ये हिचा जोड दाखवतो, मग तर पटेल?"

अधिकाऱ्याने मान डोलावली. नरहरी टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसला. फिल्म पुन्हा सुरू झाली. माझी शिवण, एखादा सुटलेला टाका, वाऱ्याने उचललेली कड, चुकलेला रंग, काहीही चालले असते. मी मनातल्या मनात ओरडत होते की तो बघ, तिसरा पट्टा, तिथे तुझा हात जरा घसरला होता. पण तिथेही काही दिसत नव्हते. त्याने कॅसेट मागे नेली, पुढे नेली, पुन्हा मागे नेली. त्याचे बोट काचेवर फिरत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या कामात चूक शोधत होता.

"साकु, नरहरी," शेवटी शांताक्काच म्हणाली. "पुरे कर. ऊठ."

तळे दिवाळीच्या आत भरून टाकले. माघात पाखरे आली. तीन दिवस ती त्या लाल मातीवर घिरट्या घालत राहिली. शांताक्का बांधाच्या जागी उभी होती. आता तिच्यात आणि पाखरांत मी नव्हते, काहीच नव्हते. चौथ्या दिवशी पाखरे कुठे गेली ते कोणाला कळले नाही. त्यानंतर ती आली नाहीत.

नरहरीने बोलल्याप्रमाणे मशीन बंद केले. खरे तर त्याचा शब्द उलटा होता, मी दिसले तर बंद करायचे होते. मी दिसले नाही आणि तरी त्याने बंद केले. मला कापून कोणी पायपुसणी केली, कोणी स्कूटरवर झाकण घातले. हा चार हातांचा तुकडा शांताक्काच्या खोलीत खिडकीला लावला. ती आता भावाकडे राहते. मला ती एकदाही ओढून घेत नाही. ऊन येवो, धूळ येवो, मी कायम एका बाजूला गोळा केलेली असते. तिचा माझ्यावरचा राग मला समजतो.

ती फिल्म अजून अधूनमधून टीव्हीवर लागते. लागली की ऐंशीचा नरहरी चष्मा पुसून खुर्ची पडद्याजवळ ओढतो. तळे गेले, झाडे गेली, आता शोधून काय मिळणार, असे सुमित्रा सांगते. तो ऐकत नाही.

मित्रांनो, तुम्ही अशा फिल्म आवडीने बघता. जरूर बघा. पण जिथे माणूसच नाही असे कोणी सांगेल, तिथे काठाकडे जरा निरखून बघा. आणि कधी चित्रबलाकांच्या त्या फिल्ममध्ये, झुडपांच्या रांगेत, तुम्हाला एक उसवलेला टाका दिसला, तर म्हैसूरला कळवा. दोन म्हातारी माणसे वाट बघत आहेत. चांगले काम केल्याबद्दल माफी कशी मागायची, ते त्यातल्या एकाला अजून उमगलेले नाही.