सुटकेचं स्वप्न

महजूबाला माणसांचा तिटकारा आहे, असं तिची सासू गावभर सांगत फिरायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चूक एवढीच, की हा तिटकारा शाळेने शिकवला असं सासूला वाटायचं. शाळा बिचारी काय शिकवणार? महजूबा तिथे पहिलीच्या मुलांकडून अक्षरं गिरवून घ्यायची, आणि तिला सहन होणारी माणसं म्हणजे तेवढीच. त्यांच्याहून मोठं कुणी समोर आलं की हा आता काहीतरी मूर्खासारखं बोलणार, अशा तयारीनेच ती बसायची. बहुतेक जण तिला निराश करत नसत.

या उन्हाळ्यात तर तिला मेजवानीच होती. अख्खी सुट्टी तिने सीदी बूतल्हा या अवलियाच्या दर्ग्यालगतच्या एका खुराड्यात काढली, नवरा अल्लाल आणि सासू यामना यांच्यासोबत. आजूबाजूच्या खुराड्यांत जिन्नांनी धरलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक. त्यांतलं जास्त वेडं कोण, हे ठरवायला तिला कष्ट पडत नसत. जिन्नांनी धरलेले निदान मधूनमधून गप्प बसायचे.

अल्लाल ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला होता. मागच्या हिवाळ्यात घाण्याच्या घरघरीत त्याला कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय असं वाटलं. हंगाम संपला, घाणा थांबला, हाका मारणारा थांबला नाही. चहाचा पेला तोंडाशी नेता नेता अल्लाल मध्येच अडायचा आणि रिकाम्या कोपऱ्याला म्हणायचा, "पुरे कर आता." कोपरा ऐकत नसावा, कारण मग तो कानांत कापूस कोंबायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. चांगला धिप्पाड, हसरा माणूस. वसंत सरेपर्यंत त्याचे कपडे खुंटीवर टांगल्यासारखे लोंबायला लागले.

महजूबाने त्याला मराकेशला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरसाहेबांनी सगळे प्रश्न तिलाच विचारले, तेही फ्रेंचमध्ये. ती अरबीत उत्तरं देत राहिली, तरी त्यांची फ्रेंच काही थांबली नाही. अल्लाल शेजारीच बसला होता. त्याच्याकडे त्यांनी बिघडलेल्या पंपाकडे पाहावं तसं एकदा पाहिलं. "मेंदूतली रसायनं आहेत, बाई," ते म्हणाले. "या लोकांच्या डोक्यात हे शिरायचं नाही. तुम्ही शिकलेल्या दिसता, म्हणून सांगतो." महजूबाला त्या माणसाच्या चकचकीत टकलावर शाईची दौत उपडी करावीशी वाटली. पण माणूस फालतू असला म्हणून त्याचं औषध फालतू होत नाही, एवढी अक्कल तिला होती. गुण यायला काही आठवडे लागतील, रोज द्या, खंड पाडू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

खंड सासूने पाडला. यामनाने गोळ्यांचं खोकं विहिरीत टाकलं आणि वर विचारलं, "डोक्यात कुणी बोलतंय, म्हणजे बोलणारा कुणीतरी आहे ना? मग गोळी घेऊन माझ्या लेकाने काय करायचं? ती त्या बोलणाऱ्याला दे."

"लल्ला, तो आजार आहे." सासूला ती रिवाजाप्रमाणे लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणायची.

"आजाराने अंग तापतं, पोट बिघडतं. आजाराला तोंड असतं का गं? शाळा शिकलीस आणि एवढं कळत नाही?"

महजूबाला वाईट याचं वाटलं, की अल्लालही आईच्या बाजूने गेला. "तुला ऐकू येत नाही, महजूबा," तो म्हणाला. "मला येतं. ते माझं बोलणं नाही. मला असल्या शिव्या येतही नाहीत."

म्हणून मग सीदी बूतल्हा. तिथला कायदा पंचक्रोशीला ठाऊक होता. सीदी मरून कित्येक पिढ्या उलटल्या तरी त्यांचं न्यायालय चालू आहे. जिन्नावर खटला भरतो, तारखा पडतात, आणि निकाल लागला की सीदी स्वप्नात येऊन रोग्याला सुटकेचा आदेश देतात. आदेश रोग्याला मिळतो किंवा त्याच्या रक्ताच्या, लग्नाच्या माणसाला. आदेशाशिवाय उंबरठा ओलांडला तर जिन्न वाटेत गाठतो आणि पुन्हा सोडत नाही. मुकद्दम बूअज्जा, म्हणजे तिथला मुख्य सेवेकरी, हे सगळं असं सांगायचा, जणू सीदी आत्ताच त्याच्यासोबत चहा पिऊन आत गेले. पहिले काही दिवस त्याने अल्लालच्या पायात साखळी घातली होती. महजूबा त्या वेळी इतकं बोलली, की शेजारच्या खुराड्यातली वेडी बाईसुद्धा ऐकायला बाहेर आली.

बोलून काही झालं नाही, तेव्हा तिने आपलंच डोकं चालवलं. गोळ्यांचं दुसरं खोकं आणलं, जिऱ्याच्या डब्यात लपवलं. रोज संध्याकाळी एक खजूर घ्यायची, बी काढायची, त्या जागी गोळी दाबायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. अल्लालला खजूर आवडायचे. तो खायचा, खाताना कधीकधी कोपऱ्याकडे रागाने पाहायचा, पण खायचा.

औषधाने आपलं काम केलं. आधी तो रात्रीचा झोपू लागला, मग भिंतीपासून दूर बसू लागला. मग एक दिवस झाडू घेऊन त्याने दर्ग्याचं अंगण झाडलं आणि झाडता झाडता शीळ घातली. यामना धावत जाऊन थडग्यावर मेणबत्ती लावून आली. "बघ," ती सुनेला म्हणाली, "सीदीने त्या जिन्नाची जीभ उपटली." महजूबा कांदा चिरत होती, ती चिरत राहिली. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं तिच्या मनात आलं. पण पीठ कुणी का खाईना, तिला दळण हवं होतं.

अडलं ते पुढे. आवाज गेला, अल्लाल बरा झाला, आणि सुटकेचं स्वप्न काही पडेना. पडणार कसं? गोळी घेऊन तो दगडासारखा झोपायचा आणि सकाळी दगडासारखाच उठायचा. इतर रोग्यांना रात्रभर हत्ती, उंट, मेलेले आजोबा दिसत; याला काही म्हणजे काही नाही. ज्या औषधाने आवाज घालवला, त्यानेच स्वप्नंही झाडून नेली होती. तिकडे शाळा उघडायला आली. महजूबा कामावर परत गेली की खजूर गेले, खजूर गेले की गोळी गेली, आणि मग तो कोपरा पुन्हा बोलायला लागणार. मग पुन्हा ती साखळी.

"म्हण की पडलं स्वप्न," ती अल्लालला म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"सीदीच्या दारात खोटं बोलू?" त्याने असं विचारलं, की ती सासूकडे वळली.

"मग लल्ला, तुम्ही तरी सांगा."

"मला पडलं नाही," यामना म्हणाली. "पडलं असतं तर नाचत सांगितलं असतं. नाही पडलं ते पडलं कसं म्हणू?"

काय माणसं ही! भाकडकथांवर जीव ठेवतील, पण त्यांत स्वतःची एक ओळ घालायची म्हटलं की मेली सत्यवादी. राहता राहिली महजूबा. तिला खोटं बोलायची लाज नव्हती. या लोकांच्या भाषेत खोटं बोलायची होती. एवढे दिवस जे थोतांड म्हणून नाक मुरडलं, तेच आता तोंडाने वदायचं, तेही थडग्यावरच्या चादरीवर हात ठेवून.

ती सकाळी गेली. हात ठेवला. काळीज धडधडलं, तेव्हा तिला स्वतःचाही तिटकारा आला.

"सीदी आले," ती म्हणाली. "दारात उभे राहिले. म्हणाले, अल्लालचा खटला संपला, त्याला घरी ने."

बूअज्जाने जपमाळेचे मणी ओढणं थांबवलं नाही. "अंगावर काय होतं?"

"हिरवा झगा."

"आणि घोडा असेल."

"पांढरा."

"असणारच. सगळ्यांचा पांढराच असतो." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, वर्गात पोरगं खोटं बोललं तर तुम्हाला कळतं?"

"कळतं."

"मलाही कळतं."

"मग?" महजूबा म्हणाली. तिने हात काढला नव्हता.

"मग काय? तुमचा माणूस सुधारलाय, हे मला दिसतंय. पण मी उगाच सोडला, तर उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतील. कुणाला तरी स्वप्न पडावं लागतं, मास्तरीणबाई. तुम्हाला पडलं, बरं झालं. सीदीला द्यायचा कोंबडा आणलाय?"

कोंबडा तिने आणला होता. दोघांनी एकमेकांकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं आणि काम उरकलं.

दुपारच्या बसमध्ये यामना अगदी पुढे बसली आणि शेजारणीला सीदीची करामत पहिल्यापासून ऐकवू लागली. मागे खिडकीशी अल्लाल, त्याच्या शेजारी महजूबा. तो ऑलिव्हची झाडं बघत होता, यंदा फळ बरं धरलंय असं म्हणत होता. ऊन कलायला लागलं तसा तिने डब्यातून खजूर काढून त्याला दिला. त्याने तो बोटांत धरला.

"एक सांगू? हसायचं नाही."

"नाही हसत."

"तो होता ना, तो तुझ्याबद्दल फार वंगाळ बोलायचा. आपण दर्ग्यावर गेलो तेव्हा. संध्याकाळ झाली की सुरू. तुझी बायको खजुरात काहीतरी घालते, थुंक, थुंक. इतका ओरडायचा की कान फुटतील. मी मुद्दाम त्याच्यादेखत अख्खा तोंडात टाकून गिळायचो." अल्लाल हसला. "त्याला म्हणायचो, हरामखोरा, ती अख्ख्या जगाला तोंडावर बोलते. माझ्यापासून लपवून ती काय करील?"

जगात एकही माणूस धड नाही, असा महजूबाचा हिशोब होता, आणि हा माणूस डोक्यातल्या त्या भोंग्याशी रोज संध्याकाळी तिच्या वतीने भांडत बसला होता. पायात साखळी असतानासुद्धा. तिला शरम वाटली, इतकी की समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झीन तिने नखाने आणखी फाडलं. गप्प बसता आलं असतं. अल्लालने खजूर तोंडाशी नेला होता. तिने त्याचं मनगट धरलं, खजूर उकलला आणि आतली पांढरी गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"डॉक्टरची आहे," ती म्हणाली. "मी घालत होते."

त्याने गोळी तळहातावर उलटीपालटी केली. बस एका गावात थांबली, माणसं उतरली, चढली, बस निघाली.

"रोज?"

"रोज."

"म्हणजे तो खरं बोलत होता."

पुढे काय येणार ते महजूबाला कळलं.

"मग तो जिन्नच, महजूबा," अल्लाल शांतपणे म्हणाला. "डॉक्टर म्हणाला आजार. आजाराला खजुराच्या आतलं कसं दिसेल?"

तिच्याकडे उत्तर होतं. अन्नात काहीतरी घालतात, असं या दुखण्यातल्या पुष्कळांना वाटतं. तिने घातलं नसतं, तरी तो आवाज तेच म्हणाला असता. डॉक्टरने हे सांगितलं होतं, फ्रेंचमध्ये. पण तिने घातलं होतं. सासूला उन्हाळाभर डोकं फोडूनही मांडता आला नसता असा पुरावा तिने स्वतःच्या हाताने, बी काढून, रोज भरला होता. आता रसायनं, मेंदू, आजार असले शब्द कोणत्या तोंडाने काढायचे? आणि ते स्वप्न खरंच पडलं होतं का, एवढं जरी त्याने विचारलं, तरी तो पुढच्या थांब्यावर उतरून परत त्या साखळीकडे चालत जाईल, हे तिला ठाऊक होतं.

अल्लालने स्वप्नाचं विचारलं नाही. तो वेगळाच विचार करत होता.

"पण तो थुंक, थुंक का ओरडायचा?" तो म्हणाला. "मी खाल्लं तर त्याचं काय जात होतं?" त्याने गोळी चिमटीत उचलून उजेडात धरली. "याला घाबरत होता. म्हणून चहाडी करत होता मेला." मग तो तिच्याकडे वळला. मराकेशच्या दवाखान्यात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं; आता तो स्वतःच विचारत होता, आणि उत्तर तिच्याकडूनच हवं होतं. "घाबरतो ना तो याला?"

पुढे यामनाची गोष्ट सीदीने जिन्नाची जीभ उपटली तिथपर्यंत आली होती.

"हो," महजूबा म्हणाली. "फार घाबरतो."

अल्लालने गोळी तोंडात टाकली आणि पाण्याची बाटली मागितली.