मुलगा कह्यात नाही

आष्टीत मुलाला घराबाहेर काढण्याची एक जुनी आणि सभ्य पद्धत होती. वकिलाकडून नोटीस लिहून घ्यायची, ती साप्ताहिक 'खणखणीत'च्या चौथ्या पानावर छापायची आणि संध्याकाळी त्याच मुलाच्या शेजारी जेवायला बसायचं. नोटिशीनं बापाचा राग निघायचा, वकिलाचा चहा निघायचा आणि संपादकाची रिकामी चौकट भरायची. वाचत कुणीच नसल्यामुळे मुलाच्या केसालाही धक्का लागत नसे.

'खणखणीत'चे संपादक सुंदरराव. दिवाळी झाली की त्यांचा अर्धा वाचकवर्ग ऊस तोडायला कारखान्यांवर जायचा, आणि उरलेल्या अर्ध्याला गावातली बातमी छापून येण्याआधीच पाठ असायची. तरी अंक निघायचा, कारण नोटिसा निघायच्या. या बाबतीत राधाकिशन वकिलांचं मत पक्कं होतं. "कायद्याला छापल्याशी मतलब हाय," ते म्हणायचे, "वाचल्याशी न्हाई."

किराणा दुकानदार मन्मथअप्पा हे चौथ्या पानाचे नियमित गिऱ्हाईक. एकुलता एक मुलगा राजेश्वर दुकानात बसेना, तेव्हा पहिली नोटीस. तो कॉम्प्युटर शिकायला पुण्याला गेला, तेव्हा दुसरी. मिशी काढून घरी आला, तेव्हा आणखी एक. शिवम्माला, म्हणजे अप्पांच्या बायकोला, यातलं काही ठाऊक नव्हतं. 'खणखणीत' घरी येई तो पुड्या बांधायला.

यंदा मात्र सोयरीक जमली होती. लातूरच्या बसवेश्वरअप्पांची कावेरी. शिकलेली पोरगी, तालेवार घर; अप्पांचं निम्म्या आष्टीला सांगून झालं होतं. तेवढ्यात राजेश्वरनं पुण्याहून परस्पर लातूरला फोन करून टाकला, की मला लग्नात काहीही नको. अप्पा तडक वकिलांकडे गेले. चौथ्या पानावर चौकट आली:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझा मुलगा राजेश्वर हा माझ्या कह्यात नाही. लग्नात देणेघेणे नको, असे तो परस्पर सांगत सुटला आहे. त्याचे बोलणे माझ्यावर बंधनकारक नाही. कोणाची हरकत असल्यास मुदतीच्या आत लेखी कळवावे.'

त्या रात्री अप्पांना शांत झोप लागली.

घोटाळा एवढाच झाला, की त्याच महिन्यात 'खणखणीत' इंटरनेटवर गेला होता. नवं शतक लागलं होतं आणि सुंदररावांना जग खुणावत होतं. हे काम गावचा म्हणून राजेश्वरनंच फुकट करून दिलं. एसटीनं अंक पुण्याला जायचा, तो पानांचे फोटो चढवायचा. सुंदररावांची अट एकच होती: "नावापासून मुद्रकापर्यंत जसंच्या तसं. काना-मात्रा गाळायची न्हाई." राजेश्वर शब्दाला पक्का. चौथं पान आलं, त्यानं स्वतःची हकालपट्टी वाचली, सरळ करून मशीनवर ठेवली आणि जगासाठी खुली केली.

चार दिवसांनी दुकानात लातूरचा फोन खणाणला.

"अप्पा," पलीकडून बसवेश्वरअप्पा म्हणाले, "राजेश्वरचं इंटरनेटवर आलंय. कावेरीनं दाखवलं. रविवारी येतो आमी, समोरासमोर बोलू."

अप्पांनी फोन ठेवला आणि पेढे मागवले. मुलाचं नाव इंटरनेटवर येणं ही गोष्ट आष्टीत अजून कुणाच्या घरात घडली नव्हती. पेढे वाटत वाटत ते उत्तरेश्वरच्या एसटीडी बूथवर पोचले. तिथे गावातलं एकमेव इंटरनेट होतं. फोन लागला तर चालायचं, न लागला तर त्यावर कापड टाकून ठेवायचे.

"उत्तरेश्वर, लाव बरं आमच्या पोराचं," अप्पा म्हणाले. मागे पेढे खाल्लेली मंडळी जमलीच होती.

फोन लागला. पान वरून खाली, पडदा सोडावा तसं हळूहळू उतरू लागलं. आधी 'खणखणीत' हे नाव आलं.

"आपलाच पेपर हाय की बे!" कुणीतरी म्हणालं.

"मग? आपल्याच गावाचा मुलगा, आपल्याच पेपरात," अप्पा म्हणाले.

बियाण्याची जाहिरात आली. हरवलेल्या म्हशीचं निवेदन आलं. मग नुसतंच 'तमाम लोकांस' एवढं आलं आणि पान अडकलं.

"बघा," अप्पा मागे वळून म्हणाले. "तमाम लोकांस!"

"पुढं काय असंल, अप्पा?"

"कौतुक असंल. दुसरं काय?"

पान पुन्हा हललं. 'माझा मुलगा राजेश्वर'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'हा माझ्या कह्यात'. पुन्हा अडकलं. अप्पांना आता मजकूर ओळखीचा वाटू लागला होता. त्यांनी पुढे होऊन पडद्यावर हात ठेवला.

"बंद कर."

"अप्पा, हाताखालनं येतंच हाय ते," उत्तरेश्वर म्हणाला.

बूथवरून अप्पा थेट छापखान्यात. राधाकिशन वकील तिथे चहा घेत होतेच.

"सुंदरराव, अंक परत घ्या!"

"छापलेला असता तर आणला असता गोळा करून. निम्मा तर तुमच्याच दुकानात हाय," सुंदरराव म्हणाले. "ह्याला कुठनं आणू? इतकी वर्षं अंक रद्दीत जायचा, म्हणून तर आमी निर्भीड होतो. आता रद्दीच बंद झाली. आता आमालाबी घाबरावं लागंल."

वकिलांनी चहा बाजूला ठेवला. "माझी अडचण येगळी हाय. लातूरवाल्यानं फिर्याद दिली, तर ती कुठं द्यायची? छापलं आष्टीत, चढवलं पुण्यात, वाचलं लातुरात. तीन कोर्टं, अप्पा! वकिलांना लई चांगले दिवस येणार हायत."

"फिर्याद कावून?"

"देणंघेणं मागणं गुन्हा हाय. आणि तुमी ते तमाम लोकांस कळवलंय."

"मसुदा कुणी लिहिला?"

वकिलांनी चहा पुन्हा जवळ ओढला. "कुणी वाचंल असं वाटलं न्हवतं."

शेवटी तिघांनी मिळून शुद्धिपत्रक तयार केलं: 'मुलगा राजेश्वर हा माझ्या पूर्णपणे कह्यात आहे.' ते रविवारच्या आत इंटरनेटवर चढायला हवं होतं, म्हणून अप्पांनी पुण्याला फोन लावला.

"अप्पा, चढवत न्हाई मी," राजेश्वर म्हणाला.

"अरे, तुझंच लग्न मोडायलंय!"

"मोडू द्या. पण मी कह्यात हाय हे खोटं हाय. सुंदररावकाकांचा पेपर हाय तो, त्यात खोटं कसं जाऊ देऊ?"

"बापाचं ऐकणार न्हाईस?"

"तेच तर छापलंय, अप्पा."

रविवार आला. राजेश्वर सकाळच्या गाडीनं आला आणि बापाला नमस्कार करून कोपऱ्यात बसला. बसवेश्वरअप्पा आले, सोबत कावेरी. राधाकिशन वकील गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून आणि खरं तर स्वतःच्या काळजीनं हजर होते. शिवम्मा मुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या बशा घेऊन बाहेर आली. तेव्हा बसवेश्वरअप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. कावेरीनं तो कॉम्प्युटरवरून छापून आणला होता.

"चष्मा राहिला," ते म्हणाले. "कावेरी, वाच गं."

कावेरीनं स्वच्छ आवाजात वाचलं. 'तमाम'पासून 'लेखी कळवावे'पर्यंत. एका बशीतले मुरमुरे खाली सांडले. शिवम्मानं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याची मुदत किती, हे नोटिशीत नव्हतं.

"ते... शुद्धिपत्रक तयार हाय," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "नोटीस मागं घेतो मी. वकीलसाहेब, दाखवा."

बसवेश्वरअप्पांनी हात वर केला. "मागं कावून घेता? तुमच्या मध्यस्थानं पोराची उंची सांगितली, पगार सांगितला. पोरगा कसा हाय ते कुणी सांगितलं न्हाई. तो फोनवर म्हणला, काही नको. मला वाटलं, म्हणतात सगळेच. बाप डोळे वटारतो, मग पोरगं गप बसतं. आता खुद्द बापानंच सहीनिशी लिहून दिलंय, की हा ऐकत न्हाई म्हणून. असला दाखला मला कुठं मिळणार?"

"म्हणजे सोयरीक..." अप्पा म्हणाले.

"सोयरीक हाय. अट एकच. नोटीस मागं घ्यायची न्हाई. इंटरनेटवरनं काढायचीबी न्हाई."

वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कायद्याच्या दृष्टीनं यात हरकत दिसत नसल्याचं सांगितलं.

"कावेरी, तुझं काय म्हणणं हाय?" शिवम्मानं विचारलं.

कावेरीनं कागदाची घडी घातली. "मला त्या हरकतीचं विचारायचं होतं. मुदत संपली का?"

"परवा संपतीय," राजेश्वर कोपऱ्यातून म्हणाला.

"मग माझी हरकत न्हाई," ती म्हणाली. राजेश्वरचे कान लाल झाले. एरवी कशानंच न होणारे.

लग्न साधेपणानं झालं. देणंघेणं झालं नाही. एका बाजूला कायदा होता, दुसऱ्या बाजूला इंटरनेट होतं आणि मधे शिवम्मा होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन छापखान्यात गेली आणि सुंदररावांना म्हणाली, "भाऊजी, एक चौकट पाहिजे. वकील नको, मीच सांगते. लिहा."

पुढच्या अंकात, चौथ्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या शेजारी ती छापून आली. राजेश्वरनं काना-मात्रा न गाळता इंटरनेटवर चढवली:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझे पती मन्मथअप्पा हे आजपासून माझ्या कह्यात आहेत. यापुढे कोणत्याही वकिलाने अथवा संपादकाने त्यांच्याशी परस्पर व्यवहार करू नये. कोणाची हरकत असल्यास मुदतीच्या आत लेखी कळवावे.'

अंक वाचला जातो की नाही, याची सुंदररावांना आता काळजी उरली नव्हती. लातूर, पुणे, नगर सगळीकडून पत्रं आली. हरकत एकाचीही नव्हती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खुद्द मन्मथअप्पा छापखान्यात येऊन बराच वेळ बसले. सुंदररावांनी कागद-पेन पुढे सरकवलं.

अप्पांनी ते परत सरकवलं. "न्हाई," ते म्हणाले. "मी तिला विचारून येतो."