अमाऱ्याची वेळ, वडगावची भूक

मी एक जुने, टेबलावर ठेवायचे घड्याळ आहे. मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते कोणालाही पटणार नाही, पण मी एकाच वेळी दोन गावांत राहिलो आहे. देह युसूफ वडगाव नावाच्या गावात आणि काटे अमाऱ्यात!

अमारा म्हणजे इराकातल्या बसऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठचे लहानसे गाव. जर्मनच्या लढाईत वडगावचा बंकट तिथे फौजेची खेचरे हाकायला गेला होता. तिथल्या बाजारात त्याने मला घेतले आणि पाय मोडून परत निघालेल्या गावच्याच शहादेवच्या हाती बायकोला पाठवले. वाटेत समुद्र खवळला, तेव्हा माझी टिकटिक ऐकून लाटा गप्प बसल्या. शहादेवला विचारा म्हटले असते, पण तो आता नाही.

शहादेवने मला बंकटच्या बायकोपुढे, सारजाबाईपुढे ठेवले. "वैनी, रोज किल्ली द्यायची, पर काटे हलवायचे न्हाईत. ह्याच्यात बंकटचा टाइम हाय. आपला सूर्य डोक्यावर आला, तरी तिकडं सकाळच ऱ्हाती." मग काचेवर, बाराच्या आकड्यावर, चुन्याचे बोट टेकवून म्हणाला, "दोन्ही काटे हितं आले, की त्यो जेवतो."

हे ऐकून सासू बायनाबाई सावरून बसली. नवऱ्याच्या आधी बायकोने जेवायचे नाही, ही त्या घरची रीत. नवरा परमुलखात असताना ती पाळायची कशी, हा तिला घोर होता. "आता बरं झालं! काटे चुन्यावर आल्याबिगर दुपारचा घास घ्यायचा न्हाई. माझ्या लेकाला तिकडं काय झालं म्हंजी?"

मित्रांनो, तिथून माझे पाप सुरू झाले.

कापूस वेचायला बायका अर्जुनरावांच्या रानात मजुरीने जात. मीही टोपल्यात, भाकरीशेजारी, फडक्यात गुंडाळून जाई. दुपारी बाभळीखाली भाकऱ्या सुटत, ठेचा फिरे. माझ्यात मात्र दहा वाजलेले. तिकडे अमाऱ्यात बंकट खजुरीच्या सावलीत खेचरांना पाणी दाखवत असेल, नावाडी काठाला होड्या लावत असतील. इकडे सारजाबाई भाकरीकडे पाठ करून बसे. तिला सहावा महिना होता.

"खा गं सारजे," सोबत वेचणारी साखराबाई म्हणायची. "तिकडं सूर्य उशिरा उठतो, त्यात तुझ्या पोटातल्याचा काय गुन्हा?"

"नगं बाई. आत्याबाई बघत्यात."

बायनाबाई बघतच असे. मला डोळ्याशी धरून म्हणे, "लई इमानी हाय." एके दिवशी सारजाबाई चक्कर येऊन ओळीतच खाली बसली. ओटीतला कापूस मातीत सांडला. आणि मी? टिकटिक करत राहिलो. कसले आले इमान!

दुसऱ्या दिवशी मी सगळी ताकद चाकांत आणली आणि माझे काटे मीच पुढे लोटले. वडगावच्या दुपारी माझेही बारा! बायनाबाई चक्रावली. "तिकडं भूक लवकर लागाया लागली वाटतं लेकाला." सारजाबाईने भाकरी मोडली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला मात्र वाटत राहिले, तिकडे तो उपाशी आणि मी हिला फसवून जेवू घालतोय. त्याचे काही वाईट झाले तर? बंकट सुखरूप परत आला, तेव्हा बायनाबाईने मला हळदकुंकू वाहिले. मी शरमेने अर्धा झालो.

आता मी फळीवर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, हात जोडून सांगतो, ज्या घड्याळाने स्वतःचे काटे लोटून एका माउलीला जेवू घातले, त्याला निदान थेंबभर तेल तरी...

"खोटारडं मेलं!" दारात शेंगा फोडत बसलेली म्हातारी सारजाबाई नातवंडांकडे वळून म्हणाली. "काटे कुठं आपोआप फिरत्यात व्हय रे? आत्याबाईची पाठ वळली तशी मागची कळ मीच फिरवली. त्याच्या आधी जेवले, हे तुमच्या आज्याला अजून सांगितलं न्हाई, धीरच झाला न्हाई. पर काय करू? तुमचा बाप आतून लाथा मारायचा!"